मूळ चित्रासमोर उभं राहण्यासाठी

"सर, सगळी चित्रं मोबाइलवर दिसतात. मग त्या दिल्ली-मुंबईच्या राष्ट्रीय कलादालनाचा आपल्या नागपूरच्या पोरांना काय उपयोग?" इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे पालक दरवर्षी विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली आपल्या नागपुरात जन्मले, हे मी वर्गात अभिमानाने सांगत आलो. पण चित्रं पाहिली होती ती छापील. मग एकदा मुंबईला रीगल सिनेमाजवळच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये गेलो. राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची शाखा तिथे १९९६पासून आहे. समोर गायतोंडेंचं चित्र. लांबून एकच रंग वाटला. जवळ गेलो तर कुठे रोलर फिरलेला, कुठे रंग खरवडून काढलेला, त्याखालचा थर उजेडासारखा वर आलेला. दोन पावलं बाजूला सरकलो की चित्र बदलायचं. पाऊण तास तिथून हललो नाही. पुस्तकात तो नुसता पिवळा चौकोन होता हो!

दिल्लीचं मूळ दालन जयपूर हाउसमध्ये, १९५४चं. चित्रकार अमृता शेरगिल १९४१ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. तिची चित्रं घरोघरी विखुरली असती, तर आज तुम्हीआम्ही ती कुठे पाहिली असती? तिच्या चित्रांचा मोठा साठा तिथे एकत्र राहिला, म्हणून तिकीट काढून कुणालाही पाहता येतो. माझी एक विद्यार्थिनी तिथे शेरगिलच्या 'तीन मुली' या चित्रासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, हा लाल पुस्तकातला नाहीच." त्यानंतर तिने रंग डबीतून थेट कागदावर लावणं सोडलं. आधी बशीत कालवायची, कागदाच्या कडेला लावून बघायची. हे मी तिला तीन वर्षं सांगत होतो.

जपणं, विकत घेणं, अभ्यासकांना दाखवणं ही कामं दालन करतंच. माझं मागणं पुढचं आहे: चित्रांनी प्रवास करावा. चित्रकार सय्यद हैदर रझा आपल्याच नागपूरच्या कलाशाळेत शिकले. त्यांचं आणि गायतोंडेंचं एकेक मूळ चित्र महिनाभर इथे का येऊ नये? सोपं नाही, मान्य. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, चित्राला मात्र तापमान आणि हवेतली आर्द्रता कायम एकसारखी लागते. शिवाय विमा, पहारा. पण हिवाळ्यात, नीट सोय केलेल्या दालनात, हे जमण्यासारखं आहे. आणि तेव्हा रांगेत सर्वांत पुढे शाळेची मुलं असावीत.

ते होईल तेव्हा होईल. डिसेंबरात मी दहा मुलं घेऊन मुंबईला निघतोय. सोमवारी दालन बंद असतं, म्हणून शुक्रवार संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस धरू. तुमच्या मुलीचं नाव लिहून घेऊ ना?