पडलेल्या झाडातली मरळ

पूर ओसरला की पंचगंगेच्या काठाला दरवर्षी काही नवी झाडं आडवी झालेली दिसतात. करंज, उंबर, वाळुंज, कधी एखादी बाभळ मुळासकट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं ४३ फूट. त्या दोन पावसाळ्यांत काठ असा खरवडून निघाला की पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले बुंधे पाण्यात आले, आणि त्यातली काही झाडं अजून तिथंच आहेत. मरळ हा दबा धरून बसणारा मासा अशाच झाडांत राहतो, आणि मी गळ घेऊन बाहेर पडतो तो या झाडांसाठी. मोकळ्या पाण्यात लांबवर फेकत बसणं मला जमत नाही आणि आवडतही नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर आहे. फाउंड्रीत ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते लाकडाचे पॅटर्न करतो, त्यामुळं लाकूड हातातलं आहे. पाण्यातलं झाड बघितलं की ते कशाचं आहे, कधी पडलंय, आत किती कुजलंय याचा अंदाज येतो, आणि मरळ धरताना हा अंदाज महागड्या रॉडपेक्षा जास्त कामाला येतो. चिखलीकडच्या काठावर एक आण्णा भेटतात, सत्तरी ओलांडलेले, अजून बांबूची काठी आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, घेऊन बसतात. नवीन पोरगं आलं की त्यांचं एकच सांगणं असतं : "आधी झाड बघ की रं. पाण्याकडं काय बघतोस?"

तर झाड कसं बघायचं? ताजं पडलेलं, पानासकट असलेलं झाड मी सोडून देतो. साचलेल्या पाण्यात ती पानं कुजताना प्राणवायू खातात आणि बारीक मासे तिथं थांबत नाहीत. पानं गळून गेली, फांद्यांवर शेवाळ धरलं, की मग चिंगळ्या येतात, बारीक मासळी येते, चिलापीची पिल्लं येतात. त्यांच्यामागनं मरळ. उंबराचं लाकूड मऊ, ते लवकर कुजतं आणि बारीक फांद्या मोडून वाहून जातात. उरतो नुसता बुंधा. बाभळीचं तसं नाही. ती पाण्यात वर्षानुवर्षं टिकते, काटेरी जाळी तशीच राहते आणि आत मासा निर्धास्त असतो. गळ अडकायची भीती बाभळीत सगळ्यात जास्त, पण मोठी मरळही मला बाभळीतच जास्त लागलीय.

नदीच्या झाडात बुंधा बहुतेक काठाला आणि शेंडा धारेनं खाली वळलेला असतो. धार बुंध्यावर आपटून बाजूनं निघते आणि मागं संथ पाण्याचा खिसा तयार होतो. मरळ त्या खिशात, जाड फांदी बुंध्याला जिथं फुटते त्या बेचक्यात, तोंड धारेकडं करून बसते. उन्हाळ्यात दुपारी ती सावलीच्या अंगाला असते. थंडीत सकाळी उशिरा, ऊन पडलेल्या बाजूला, उथळ पाण्यात.

झाडाभोवतीच्या गळाचा सगळ्यात बारकाईनं विचार केलाय तो अमेरिकेतल्या बास नावाचा मासा धरणाऱ्यांनी. लार्जमाउथ बास आपल्या नद्यांत नाही आणि नसलेलाच बरा. जपानमध्ये तो १९२५ मध्ये बाहेरून आणून सोडला, आणि २००५ पासून तिथल्या कायद्यानं त्याला स्थानिक माशांना घातक परकी जात ठरवलंय. इथं कुणी तो आणायची भाषा केली तर मी हात जोडून सांगेन, नको. पण त्यांची रीत घ्यायला हरकत नाही, कारण बासही मरळीसारखाच दबा धरून झडप घालणारा. दोघांनाही आडोसा लागतो, दोघंही लांबवर पाठलाग करत नाहीत.

त्यांच्याकडून घेतलेली पहिली गोष्ट म्हणजे बाहेरून आत यायचं. पहिलाच गळ बेचक्यात टाकायचा मोह सगळ्यांना होतो. तिथून मासा ओढताना सगळं झाड हलतं आणि बाकीची मासळी पळते. आधी शेंड्याकडच्या सुट्या फांद्या, मग मधल्या, शेवटी बुंधा. आणि लूर, म्हणजे गळाचं नकली आमिष, फांद्यांना आडवी ओढायची नाही. बुंध्याच्या रेषेत, त्याला लागून ओढायची. अडकते कमी, आणि सगळा वेळ माशाच्या टप्प्यात राहते. काठावरून हे करायचं तर बुंध्याच्या मुळाशी उभं राहावं लागतं. तिथं पायाखालची माती पुरानं पोखरलेली असते, तेव्हा आधी काठीनं ठोकून बघा. बुंध्यावर दिवड पसरलेली असते, तिला तिच्या वाटेनं जाऊ द्या, ती विषारी नाही. वारणा आणि कृष्णेच्या काठाला मात्र मगरी आहेत, आणि पडलेलं झाड ही त्यांचीही उन्हाला पडायची जागा. तिकडं मी पाण्यात पाय घालत नाही.

फेकीचंही तसंच. डोक्यावरून भिरकावलेली लूर 'धप्प' करून पडते, आणि उथळ पाण्यातली मरळ तेवढ्यावर निघून जाते. लूर हातात धरायची, रॉडचं टोक खाली ठेवून झोक्यानं पुढं सोडायची. ती पाण्याच्या वीतभर वरून सरकत जाते आणि आवाज न करता बसते. बासवाले याला पिचिंग म्हणतात. घराच्या अंगणात बादली ठेवून सराव करा, चार दिवसांत हात बसतो.

काय लावायचं? दाट फांद्यांत रबरी किड्याचा टेक्सास रिग. गोळीच्या आकाराचं शिसं पुढं, गळाचं टोक रबरात लपवलेलं. निमुळतं शिसं फांद्यांमधून वाट काढत खाली जातं. शिसं तंगुसावर मोकळं सरकत असेल तर ते फांदीच्या एका बाजूला आणि किडा दुसऱ्या बाजूला राहतो, म्हणून दात कोरायची काडी खुपसून ते जागच्या जागी बसवून टाका. किडा फांदीवर चढला की खेचू नका. वरच थोडा हलवा, मग सैल सोडा. फांदीवरून खाली पडतानाच बहुतेक वेळा मासा लागतो.

बुंधा मोकळा असेल तर माझी आवडती लूर चौकोनी ओठाची क्रँकबेट. तो ओठ लाकडाला आधी धडकतो आणि लूर बाजूला उडते. त्या उडण्यावरच मासा झेपावतो. धडक बसली की क्षणभर रीळ थांबवायचं, ती आपोआप वर तरंगते आणि सुटते. मी या लूर स्वतः करतो, पांगाऱ्याच्या लाकडाच्या. सावंतवाडीची खेळणी ज्या लाकडाची करायचे तेच. हलकं, मऊ, पटाशीला लोण्यासारखं. ओठाला ॲक्रिलिकचा तुकडा. रंगापेक्षा तरंग महत्त्वाचा, म्हणून रंगवायच्या आधी प्रत्येक लूर पाण्याच्या टाकीत सोडून बघतो.

पृष्ठभागावर रबरी बेडूक. जिवंत बेडूक मी लावत नाही, ते शेतात राहिलेले चांगले. आता इथं बास आणि मरळ वेगळे होतात. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. झाडाजवळ 'बुळुक' आवाज झाला, पाणी गोल फिरलं, की जागा कळली. लगेच तिथं फेकू नका. काही मिनिटांनी ती पुन्हा त्याच आसपास वर येते. ती खाली असताना बेडूक थोडा पलीकडं उतरवून हळू आणायचा. झडप आली की लगेच झटका द्यायचा नाही. बेडूक तोंडात वळू द्यायचा, दोर ताणला गेला की मग जोरात.

मासा लागल्यावर रिळाचे पहिले दोन-तीन वेढे सगळं ठरवतात. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्ट, रॉड आडवा, मोकळ्या पाण्याच्या दिशेनं. बेडकासाठी मी ४० ते ५० पौंडांचा ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, वापरतो. पण ब्रेड मऊ लाकडात करवतीसारखा रुततो, उंबरात तर हमखास. तिथं टेक्सास रिगला जाड फ्लुरोकार्बनचा दोर बरा. मासा फांदीला वेढा घालून बसलाच तर ओढाताण करू नका. दोर सैल सोडा आणि थांबा. ताण गेला की मरळ बऱ्याचदा आली त्याच वाटेनं बाहेर निघते. दर माशानंतर शेवटचा हातभर दोर बोटांतून फिरवून बघा, खरखरीत लागला तर कापून नवी गाठ मारा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडाच्या आडोशाला पिलांचा लालसर थवा एकाच जागी उसळताना दिसला, तर गळ गुंडाळून पुढं जा. खाली आईबाप राखणीला असतात आणि त्या दिवसांत ते समोर येईल त्याच्यावर धावतात, भुकेनं नव्हे. त्यांना काढलं की बाकीचे मासे पिल्लं संपवतात. अशी मरळ धरून फोटो टाकणाऱ्यांना मी दाद देत नाही. तलावात जाणार असाल तर मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडं आहे ते विचारून परवानगी घ्या, आणि राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ नको.

आणखी एक मनापासून सांगायचंय. काठाची झाडं दोर लावून ओढून काढू नका. पुलाला किंवा बंधाऱ्याला अडकलेलं झाड काढावंच लागतं, ते वेगळं. पण डोहाच्या कडेला पडलेली बाभळ सरपणासाठी काढली की तिच्याबरोबर चिंगळ्यांपासून मरळीपर्यंत सगळं घर जातं. तुटलेला तंगूस फांदीत सोडून येणं तितकंच वाईट. पाणकावळे त्याच फांद्यांवर पंख वाळवायला बसतात, आणि पायात अडकलेला तंगूस त्यांना सोडवता येत नाही.

पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले की पाणी उतरतं आणि झाडं उघडी पडतात. तेव्हा रॉड घरी ठेवून नुसती कात्री, पिशवी आणि वही घेऊन जा. अडकलेला दोर कापून आणा. आणि कोणत्या झाडाला कुठं बेचकं आहे, बुंध्याखाली किती खोल पोकळी आहे, शेंडा कुठवर गेलाय, हे काठावरच्या एखाद्या खुणेच्या अंतरासह काढून ठेवा. बरगे पुन्हा बसल्यावर यातलं काहीच दिसणार नाही.