रजिस्टर ऑफिसात अडलेली सही

मी अमळनेरला वकिली करतो, जमिनीचीच कामं जास्त. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके होतात, सांजोऱ्या होतात आणि सासरी परत निघायच्या आधी भाऊ त्यांना रजिस्टर ऑफिसला नेऊन हक्कसोडवर, म्हणजे माहेरच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही घेऊन टाकतो, हे उघड कोणी बोलत नाही पण त्या दिवसांत तिथली गर्दी बघा एकदा.

त्या दिवशी पक्षकार होता तालुक्यातला एक पुढारी. नाव नको, आणि पक्ष सांगून उपयोग नाही कारण तीन झालेत आतापर्यंत. दर आठ मार्चला भाषण ठरलेलं, मुलीला मुलाइतका हक्क द्या वगैरे. बहीण साठीला टेकलेली, लग्न १९८७ चं. वडील २००३ ला वारले, आई त्याआधीच. वडिलोपार्जित १२ एकर, वाटणी कधी झालीच नाही, वारस दोघंच.

रजिस्ट्रार साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, ताई, राजीखुशीने सोडताय ना? बाई म्हणाली, "नही साहेब, मी सही नही करस." आणि भावाकडे वळून, "तूच सांगस ना भाषनमा, पोरीस्ले हिस्सा द्या म्हनीसन?" मागे रांगेतले लोक हसले, याचा चेहरा लाल.

बाहेर निंबाखाली आल्यावर मला हळूच विचारतो, वकीलसाहेब, कायद्याने तिचा निघतो तरी किती? आता इथेच सगळी गंमत आहे. हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून आंबेडकरांनी १९५१ ला राजीनामा दिला, नेहरूंनी निवडणूक काढली आणि मग तेच बिल तुकडे करून १९५५-५६ ला पास केलं. राजेंद्रप्रसादांचा बिलाला विरोध, पण राष्ट्रपती म्हणून सह्या त्यांच्याच झाल्या. मी नेहरूंना दोष देत नाही, अख्खं बिल गेलंच नसतं. पण तडजोडीत वडिलोपार्जित जमिनीतला जन्मसिद्ध हक्क मुलग्यांकडेच राहिला, म्हणजे बाप आणि भाऊ निम्मे-निम्मे, बापाचे ६ एकर आणि त्यातले हिचे ३. महाराष्ट्राने १९९४ ला मुलींना बरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या वगळून, म्हणजे ही पुन्हा बाहेर. २००५ ला केंद्राने ती अट काढली, तरी वडील आधी गेलेत हा वाद उरला, तो सुप्रीम कोर्टाने २०२० ला मिटवला. आता सरळ ६.

सहा ऐकून पुढारी खालीच बसला. दोन तास घासाघीस चालली, मधे चहा, मधे आईची आठवण, मधे रडारड, मी फक्त कागद धरून उभा. शेवटी ४ एकरवर तुटलं. मला ते पटलं नाही, बाईला बाजूला घेऊन सांगितलंही की कोर्टात पूर्ण सहा मिळतील. ती म्हणे दहा वर्षं कोण फिरेल, आणि माहेर तुटेल ते वेगळं. मात्र विहिरीकडचा तुकडाच मागितला आणि घेतला, तेवढी हुशार होती.

यंदाच्या आठ मार्चला पुढाऱ्याच्या भाषणात नवीन किस्सा आलाय, मी स्वतः माझ्या बहिणीला विहिरीसकट जमीन दिली म्हणून. टाळ्या चांगल्या पडल्या म्हणे.