हातखर्चाचे पैसे नेमके कोणाचे?

मुलांना हातखर्चासाठी पैसे द्यावेत का, द्यायचे तर किती, आणि घरकामाच्या बदल्यात द्यावेत का, असे ओळखीचे पालक मला नेहमी विचारतात. म्हणून सविस्तर लिहिते. पैसे जरूर द्यावेत; मात्र एकदा दिले की ते मुलांचे झाले, हे आपण मनापासून मान्य करावे. रक्कम किती, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

माझे वडील सोलापुरात यंत्रमागावर काम करीत. आठवड्याची मजुरी ते आईच्या हाती देत आणि आई आम्हा भावंडांच्या देखतच किराणा, घरभाडे, भिशीचा हप्ता अशा तिच्या वाटण्या करी. माग बंद राहिलेल्या आठवड्यात कोणती वाटणी लहान होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आजच्या मुलांना मोबाइलने कोड स्कॅन केलेला दिसतो आणि वस्तू हातात आलेली दिसते. पैसा कमी होताना दिसत नाही. म्हणून मी रोखच देते. दर रविवारी अकरा वर्षांच्या मुलीला ५० रुपये आणि आठ वर्षांच्या मुलाला ३० रुपये. वह्या, कपडे आणि डबा आमच्याकडे; बाहेरचा खाऊ, खेळणी आणि मित्रमैत्रिणींच्या वाढदिवसाच्या भेटी त्यांच्याकडे.

मुलगी नऊ वर्षांची असताना तिने गड्ड्याच्या यात्रेसाठी, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, बारा आठवडे ४० रुपयांप्रमाणे ४८० रुपये साठवले होते. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर पाळणे लागले आणि पहिल्याच संध्याकाळी पाळणा, बांगड्या व दुसऱ्या दिवशी मोडलेले एक खेळणे यांत ते सारे संपले. दोन दिवसांनी मामेभावंडे आली, सगळी पुन्हा यात्रेला निघाली, तेव्हा ती रडवेली होऊन उभी राहिली. तिच्या बाबांचा हात खिशाकडे गेला. मी त्यांना थांबवले. ती आमच्याबरोबर आली, पण पाळण्यात बसली नाही, आणि ते पाहणे मला फार जड गेले. पुढच्या वर्षी निघण्याआधी तिने स्वतःहून पैसे दोन पाकिटांत ठेवले. त्या वेळी मी नोट पुढे केली असती, तर ते दुसरे पाकीट झाले नसते, असे मला ठामपणे वाटते.

घरकामाचे पैसे मी देत नाही. शेंगा सोलणे, पाणी भरणे ही घरातल्या सर्वांची कामे आहेत.

रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. रकमेची मर्यादा बँक ठरवते. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते आणि सुरुवातीला ५०० रुपये भरावे लागतात. मुलीचे खाते आम्ही तेथेच उघडले. अर्जावर स्वतःची सही करताना ती फार गंभीर झाली होती.

या बाबतीत माझ्याकडूनही एक चूक झाली आहे. दूधवाल्याला द्यायला सुटे नव्हते म्हणून मी मुलाच्या गल्ल्यातून १०० रुपये घेतले आणि परत ठेवायचे राहून गेले. तीन आठवड्यांनी मोजताना त्याच्या ते लक्षात आले. तो काहीच बोलला नाही, फक्त पुन्हा मोजू लागला. मी त्याची माफी मागून पैसे दिले. आता आमच्यापैकी कोणी त्या गल्ल्यातून पैसे घेतले, तर आधी त्याला विचारतो आणि रक्कम व तारीख लिहिलेली चिठ्ठी आत टाकतो. पैसे परत मिळाल्यावर तो ती स्वतः फाडतो.