लाल दिसत नाही म्हणजे हिरवाच असणार

परवा सकाळी रिव्ह्यूला (कोड आत घेण्याआधी दुसऱ्याने वाचून बघायचा असतो तो) एक बदल आला, मोजून सहा ओळी. जेनकिन्स म्हणजे आमचा कोड आपोआप बांधून तपासणारं सॉफ्टवेअर, त्यातल्या एकेका कामाला जॉब म्हणतात आणि त्याच्या एका फेरीला बिल्ड. या बिल्ड्सवर नजर ठेवणारी एक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे कमांड्सची यादी, आमच्याकडे आहे. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करून देणारा) दर पाच मिनिटांनी चालते, चौदा जॉब्सना काय चाललंय विचारते, एखादा तुटला की टीमच्या चॅटवर मेसेज टाकते आणि भिंतीवरच्या स्क्रीनला हिरवे-लाल चौकोन पुरवते. त्या चौदात आणखी दोन जॉब घालायचे एवढंच काम. टीममध्ये नुकताच आलेला मुलगा, त्याचा पहिलाच बदल. असले रिव्ह्यू मी दोन मिनिटांत उडवते, हाही उडवलाच असता, पण त्याने वर लिहिलं होतं 'टेस्ट केलंय, दोन्ही जॉब हिरवे दिसतायत' आणि खाली एका जॉबच्या नावात मायग्रेशनमधला आर गळालेला होता.

म्हणजे जो जॉब जगात नाहीच, तो हिरवा.

त्याला बोलावलं. म्हटलं, हे परत चालवून दाखव. त्याने त्याच्या मशीनवर, त्याच्याच टोकनने (जेनकिन्समध्ये शिरायची किल्ली) चालवलं, सोळाच्या सोळा हिरवे. म्हटलं आता नावाच्या जागी काहीही बडव कीबोर्डवर. त्याने बडवलं. हिरवा. मग सर्व्हरचा पत्ताच खोटा टाकला, असला सर्व्हर नाहीच कुठे, तरी सोळा हिरवे. मग त्याने स्वतःहून नेटवर्क बंद केलं (पोरगा हुशार आहे) आणि नेटवर्क नसताना स्क्रिप्टने शांतपणे कळवलं की सगळं उत्तम चाललंय. तो हसायला लागला, मला काही हसू येईना, कारण ही स्क्रिप्ट मी लिहिलेली नसली तरी तीन वर्षांपूर्वी हिला हिरवा कंदील मीच दाखवला होता. जुना रिव्ह्यू उघडून बघितला. माझ्या दोन कमेंट होत्या, एक व्हेरिएबलचं नाव नीट दे आणि दुसरी इंडेंटेशन सारखं कर. बास. जिने लिहिली नाही तिला लाज जरा जास्तच वाटते, कारण माझं काम फक्त वाचायचं होतं.

आता आत काय होतं ते सांगते, कारण एक चूक असती तर सापडली असती, इथे चुका एकमेकींना झाकत होत्या.

जेनकिन्सला एपीआयने, म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेल्या खिडकीतून, विचारलं की प्रत्येक जॉबचा एक रंग मिळतो, शब्दात. पास असेल तर ब्लू, फेल असेल तर रेड, बिल्ड झाला पण टेस्ट पडल्या तर यलो, शिवाय अबॉर्टेड, डिसेबल्ड, नॉटबिल्ट वगैरे. मुलाने विचारलं मॅडम पास झालेला निळा का? (मॅडम म्हणू नकोस हे दहा वेळा सांगून झालंय.) जेनकिन्सचा मूळ कर्ता कोहसुके कावागुची जपानी, आणि जपानीत सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळाच म्हणतात. ही स्क्रिप्ट निळ्याचं हिरवं करून स्क्रीनवर दाखवायची म्हणजे करायला हवं होतं, प्रत्यक्षात ती निळ्याकडे बघतच नव्हती. तिच्यात एकच प्रश्न होता, रंग रेड आहे का? असेल तर बोंब मार, नाहीतर हिरवा. यलो? हिरवा. टाइमआउटने मारलेला अबॉर्टेड? हिरवा. रिकामं उत्तर? तेही रेड नाही ना, मग हिरवा.

आणि उत्तर रिकामं येऊ नये म्हणून जे राखणदार असतात ते सगळे कोणी ना कोणी झोपवलेले. स्क्रिप्ट उत्तर आणते कर्लने (नेटवरून उत्तर आणणारा प्रोग्राम) आणि ते जेक्यूला (त्यातून हवा तो तुकडा काढणारा) देते. कर्लला सर्व्हरने ४०४ (असं काही नाही) दिलं काय, ४०१ (ओळख पटत नाही) दिलं काय, त्याच्या मते काम फत्ते, सर्व्हर बोलला ना, एक्झिट कोड शून्य, म्हणजे पास. त्याला -एफ दिलं तरच तो अशा उत्तरावर २२ देऊन नापास होतो, ते दिलेलं नव्हतं. मग ते एररचं एचटीएमएल पान जेक्यूकडे जातं, तो ओरडतो की हे जेसन (त्याला वाचता येणारा डेटाचा साचा) नाही, पण त्याचं ओरडणं डेव्ह-नलमध्ये, म्हणजे तळ नसलेल्या कचरापेटीत, सोडलेलं.

मुलगा म्हणाला, पण मॅडम सगळ्यात वरती सेट -इ आहे ना, कुठलीही कमांड फेल झाली की स्क्रिप्टने मरायला पाहिजे, जेक्यू तर फेल होतोय. बरोबर प्रश्न होता आणि तीन वर्षांपूर्वी तो मला पडायला हवा होता. ओळ अशी होती की फंक्शनच्या आत लोकल रंग बरोबर डॉलर कंस, कंसात कर्ल आणि जेक्यूची पाइप, म्हणजे एकाचं उत्तर थेट दुसऱ्याला देणारी जोडणी. आता गंमत अशी की लोकल ही स्वतःच एक कमांड आहे. कंसातलं काहीही फेल होऊ दे, लोकलने व्हेरिएबल बनवलं की ती म्हणते माझं झालं, शून्य, आणि सेट -इ ला दिसतो तो लोकलचा शून्य. आतल्याचा बोभाटा बाहेर येतच नाही. लोकल रंग एका ओळीत आणि रंग बरोबर अमुक दुसऱ्या ओळीत लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी स्क्रिप्ट मेली असती. शेलचेक नावाचं टूल ही चूक एससी२१५५ म्हणून धडधडीत दाखवतं, आमच्या बाकी रेपोत (कोडच्या साठ्यात) ते लावलेलंय, हीच स्क्रिप्ट एका कोपऱ्यातल्या फोल्डरात असल्यामुळे वगळलेली. आणि पाइपमध्ये डिफॉल्टला शेवटच्याच कमांडचा कोड धरतात, पाइपफेल लावलं नसेल तर आधीचा कर्ल आपटला तरी पत्ता लागत नाही. नेटवर्क बंद असताना नेमकं तेच व्हायचं, कर्ल आपटला, जेक्यूला काहीच मिळालं नाही, त्याने काहीच छापलं नाही आणि तो खुशीत शून्य देऊन गेला.

इथपर्यंत मला वाटत होतं की हा एक धडा आहे, दुपारपर्यंत दुरुस्त करू. मग म्हटलं क्रॉन जिथे चालतो त्या मशीनवर चुकीच्या नावाला काय उत्तर येतंय ते कच्चं बघू, ४०४ यायला हवं. आलं ४०१. बरोबर नावाला? ४०१. चौदाही जॉबना ४०१.

पोटात गोळा आला. स्क्रिप्टमध्ये टोकन होतं ते जुन्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक खात्याचं. तो टीम सोडून गेला, नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद केलं गेलं, त्यात कोणाचीच चूक नाही, उलट असंच करायला हवं. सर्व्हरच्या लॉगमध्ये बघितलं, पहिलं ४०१ तेवीस दिवसांपूर्वीचं. म्हणजे तेवीस दिवस दर पाच मिनिटांनी ही बाई दार वाजवत होती, आतून तू कोण म्हणून हाकलून देत होते, आणि ती परत येऊन आम्हाला सांगत होती की घरी सगळे मजेत आहेत. कुंपणाने शेत खाल्लं नव्हतं, कुंपण नुसतं उभ्याउभ्या झोपलं होतं.

आणि सगळ्यात कहर म्हणजे मधल्या काळात झालेल्या मीटिंगमध्ये मीच म्हटलं होतं की हल्ली बिल्ड फार स्टेबल झालेत. लोकांनी माना डोलावल्या होत्या.

जेनकिन्सचं पान ब्राउझरमध्ये उघडायला हात धजेना, म्हणजे उघडलंच, पण सांगतेय कसं वाटलं ते. तीन जॉब लाल. एक किरकोळ, एक लिंकरच्या वॉर्निंगचा, आणि तिसरा रात्रीचा, जुन्या व्हर्जनचा डेटाबेस नव्यावर आणून बघणारा, तो नऊ रात्री सलग लाल. दोन दिवसांनी रिलीझची ब्रांच काढायची होती, म्हणजे ग्राहकाला द्यायची प्रत वेगळी करायची होती. तुम्ही म्हणाल कोणी सहज म्हणून पान उघडून बघितलं नाही का, तर नाही, स्क्रीन हिरवी असताना कोण कशाला उघडेल, त्यासाठीच तर ती स्क्रीन लावली होती. नऊ रात्रींमागची पहिली लाल रात्र आणि तिच्या आधीची शेवटची निळी रात्र यांच्यामधल्या कमिट्सवर (नोंदवलेल्या बदलांवर) बायसेक्ट लावला, म्हणजे निम्मे-निम्मे करत दोषी बदल शोधला, तासाभरात सापडलं, एका कॉलमची नल, म्हणजे रिकामी जागा, चालेल ही परवानगी काढून टाकली होती आणि जुन्या डेटात तिथे नल होते. दुरुस्ती दोन ओळींची. ग्राहकापर्यंत काही गेलं नाही, पण ते आमच्या हुशारीने नाही, गळालेल्या आरमुळे.

दुपारी आम्ही दोघांनी बसून स्क्रिप्ट उलटी केली. आता ती रेड शोधत नाही, ब्लू शोधते, ब्लू सापडलं तरच हिरवा चौकोन. रेड आणि यलो लाल. बाकी काहीही, रिकामं, ४०१, न समजलेला शब्द, सगळ्याला करडा चौकोन, म्हणजे माहीत नाही, आणि करड्याचाही मेसेज जातो. कर्लला -एफ आणि वेळेची मर्यादा, वर पाइपफेल, लोकल वेगळ्या ओळीत, टोकन सर्व्हिस खात्याचं. हे सगळं भराभर झालं.

अडलो ते वयाच्या तपासणीत. एखादा जॉब शेवटचा पास झाला आणि मग त्याचा नोडच (तो जिथे चालतो ते मशीन) डिस्कनेक्ट झाला, तर तो पुढचे सहा महिने निळाच राहील, म्हणून शेवटच्या पूर्ण झालेल्या बिल्डची वेळ बघायची आणि दोन दिवसांपेक्षा जुनी असेल तर करडा. मुलाने लिहिलं, मी वाचलं, ठीक वाटलं. मग म्हटलं नाही, आज वाचण्यावर माझा विश्वास नाही, चार महिने जुनी वेळ घालून चालव. हिरवा! जेनकिन्स वेळ देतो मिलिसेकंदात, तेरा आकडी, आणि डेट कमांड देते सेकंदात, दहा आकडी. दहा आकडीतून तेरा आकडी वजा केल्यावर वय येतं प्रचंड उणे, आणि उणे म्हणजे दोन दिवसांपेक्षा कमीच की, त्यामुळे कितीही जुना बिल्ड आमच्या मते अजून जन्मालाच यायचा होता. सकाळपासून ज्या रोगाला शिव्या देत होतो तोच रोग औषधात. हजाराने भागलं, परत जुनी वेळ घातली, करडा. मग प्रत्येक रंगासाठी आणि चार प्रकारच्या बिघाडांसाठी खोटी उत्तरं फायलींमध्ये ठेवली आणि एक छोटी टेस्ट लिहिली जी स्क्रिप्टला ती उत्तरं चारून चौकोनाचा रंग तपासते. शिवाय स्क्रिप्ट शेवटपर्यंत पोचली की दुसऱ्या एका मशीनला हाक देते, पंधरा मिनिटं हाक आली नाही तर ते मशीन बोंबलतं. ती हाक बंद करूनही बघितलं, बोंबललं.

साडेचारला चालू केली. चॅटवर एकदम चार मेसेज पडले, दोन लाल (रात्रीचा आम्ही हाताने परत चालवून घेतला होता) आणि दोन करडे, त्यातला एक जॉब एकोणीस दिवस चाललेलाच नव्हता. आम्ही बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोणी एक अक्षर लिहिलं नाही, अंगठासुद्धा नाही. शेवटी उठून शेजारच्या टेबलावर विचारलं, अरे मेसेज दिसले का? कुठले मेसेज? ते चॅनेल? ते म्यूट आहे. त्याच्या शेजारी विचारलं, तिचंही म्यूट. सहा जणांना विचारलं, सहाही.

कारणही कळलं, आणि तेही त्याच एका प्रश्नातलं. लाल जॉब परत चालायला लागला की जेनकिन्स त्याचा रंग रेड-ॲनिमे असा देतो, म्हणजे लाल पण सध्या चालू. स्क्रिप्टला तो रेड वाटायचा नाही, म्हणून ती लगेच जाहीर करायची की जॉब दुरुस्त झाला, अभिनंदन, आणि वीस मिनिटांनी बिल्ड परत पडला की पुन्हा तुटला. टोकन चालू होतं तेव्हा हे दिवसातून कितीतरी वेळा व्हायचं, लोक कंटाळले, एकेकाने आवाज बंद केला. त्यामुळे तेवीस दिवस ती गप्प झाली तेव्हा कोणाला फरकच जाणवला नाही.

मुलाने माझ्या स्क्रीनकडे बघून हळूच विचारलं, मॅडम तुमचं पण? चॅनेलच्या नावापुढे घंटा होती आणि तिच्यावर आडवी रेघ. कधी केलं मला आठवतही नाही.

त्याचा सहा ओळींचा बदल अजून ओपनच आहे. नावात आर घाल म्हणून कमेंट टाकलीये.