‘का आला नाहीत?’ असं विचारणारी पायरी

मेलबर्नच्या पश्चिमेकडे आमच्या भागात मराठी घरं बरीच आहेत. गणपतीत मंडळात सगळे भेटतात. नोकरी, व्हिसा, घराचे हप्ते, मुलांचे मार्क, सगळं बोलून होतं. पण ‘मी सेंटरलिंकवर आहे’, म्हणजे सरकारी भत्त्याच्या ऑफिसकडून पैसे घेते, हे कुणी मोठ्याने म्हणत नाही. म्हणूनच लिहायला बसले. फोनवर ‘डिमेरिट’ (अट चुकल्याची नोंद) हा शब्द बघून एखादीच्या पोटात गोळा आला असेल, तर पुढे काय होतं ते तिला आधी कळलेलं बरं.

माझी पॅकिंगच्या कारखान्यातली पक्की नोकरी 2023 मध्ये गेली. नवरा आधीच गेलेला, मुलगा शिकतोय. जॉबसीकर पेमेंट, म्हणजे बेकारी भत्ता, मिळायला लागलं. हे पैसे पंधरवड्याला येतात, पण फुकट नाही. महिन्याला साधारण 100 पॉइंट जमवायचे, एका नोकरीच्या अर्जाचे 5. शिवाय सरकारने नेमलेल्या प्रोव्हायडर संस्थेकडे ठरल्या वेळी हजेरी किंवा फोन. यातलं काही चुकलं आणि तुमचं कारण त्यांना पटलं नाही, की डिमेरिट. पैसेही अडकतात. पुन्हा हजेरी लावली की मागचे मिळतात, पण घरभाडं काही त्यासाठी थांबत नाही.

सहा महिन्यांत तीन डिमेरिट झाले की प्रोव्हायडरकडे ‘केपेबिलिटी इंटरव्ह्यू’, म्हणजे या अटी तुम्हाला झेपतात का याची विचारपूस. पाच झाले की हेच काम सेंटरलिंक करतं, त्याला ‘केपेबिलिटी असेसमेंट’ म्हणतात. तिथेही ‘हिला हे सगळं झेपतंय’ असं ठरलं, तर पेनल्टी झोन. मग पहिल्या चुकीला एका आठवड्याचे पैसे जायचे, दुसरीला दोन आठवड्यांचे, आणि तिसरीला पेमेंटच रद्द व्हायचं, वर चार आठवडे काही मिळायचं नाही; 2025 मध्ये हे दंड थांबवले. 2018 च्या जुलैपासून ही पद्धत आहे.

माझे तीन कसे झाले? कारखाना गेल्यावर मी गोदामात कॅज्युअल शिफ्ट करायला लागले. शिफ्ट आहे की नाही, याचा मेसेज पहाटे येतो. आत जाताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. प्रोव्हायडरचा फोन नेमका तेव्हा, तोही नंबर न दाखवता. मी काम करत होते म्हणून फोन घेतला नाही, आणि काम शोधत नाही म्हणून मला डिमेरिट! “आधी कळवायला हवं होतं,” पलीकडची बाई म्हणाली. मेसेज पहाटे, यांचं ऑफिस उघडतं नऊला. कळवायचं कुणाला?

दुसरा डिमेरिट, पॉइंट कमी भरले म्हणून. अर्ज केले होते, ॲपमध्ये नोंदले गेले नव्हते. तिसरा बदललेल्या वेळेचा. मेसेज आला होता, पण वेळेवर कुणी वाचला नाही.

हे ‘कुणी’ महत्त्वाचं आहे. मला मधुमेह. नोंदणीच्या वेळी प्रश्नावली भरली तेव्हा डोळ्यांचं काही नव्हतं, तसंच खरं उत्तर दिलं. पुढे काही महिन्यांत पडद्याला सूज निघाली आणि डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. इंजेक्शनच्या दिवशी आणि नंतर काही काळ बारीक अक्षर दिसेना. मेसेज मुलगाच वाचायचा, तो क्लासमध्ये असला तर संध्याकाळी. ती जुनी प्रश्नावली मात्र सिस्टीममध्ये तशीच बसलेली.

इंटरव्ह्यूचं पत्र आलं तेव्हा मंडळातल्या एका ताईंना फोन केला. त्यांनी हे सगळं पूर्वी भोगलं होतं. म्हणाल्या, “अगं, रडतेस काय? आत्तापर्यंत ते फक्त मोजत होते. आता त्यांना विचारावं लागतं. डॉक्टरांचा कागद, शिफ्टचे मेसेज, सगळं घेऊन जा. आणि आपण गरीब गाय असल्यासारखी गप्प बसू नकोस.”

समोर बसलेला मुलगा माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. स्क्रीनवरचे प्रश्न ओळीने वाचत होता. राहायला जागा आहे का, घरी कुणी त्रास देतं का, येण्याजाण्याचं कसं, कुणाची देखभाल करावी लागते का. मी हो-नाही करत होते. मग त्याने विचारलं, “भेटीची वेळ तुम्हाला कशी कळते?”

“ॲपवर मेसेज येतो.”

“तुम्ही लगेच वाचता?”

“मुलगा वाचून दाखवतो.”

तो थांबला. “का?”

मी पिशवीतून नेत्रविभागाचं कार्ड काढून पुढे सरकवलं. त्यावर इंजेक्शनच्या तारखा हाताने लिहिलेल्या होत्या. त्याने एका बाजूला डिमेरिटच्या तारखा उघडल्या आणि पेनच्या टोकाने जुळवत गेला. दोन अगदी शेजारी-शेजारी निघाल्या. हेच कार्ड मी आधीच्या भेटीतही दाखवलं होतं. त्या बाईंनी ‘सो सॉरी टू हिअर’ म्हणून परत दिलं होतं, कारण तेव्हा विषय होता अर्ज किती केले हा.

निकाल असा लागला, की ठरवलेल्या अटी माझ्या परिस्थितीला धरून नाहीत. असं ठरलं की डिमेरिट पुसले जातात आणि माणूस परत ग्रीन झोनमध्ये, म्हणजे एकही डिमेरिट नसलेल्यांत, येतो. त्याने मला पुढे ‘एम्प्लॉयमेंट सर्व्हिसेस असेसमेंट’साठी पाठवलं. ते डॉक्टर करत नाहीत. मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशी आरोग्य क्षेत्रातली माणसं करतात. तुम्ही आठवड्याला किती तास काम करू शकाल ते ठरतं, 0 ते 7, 8 ते 14 असे टप्पे असतात. माझं 15 ते 22 तासांत बसलं, त्यामुळे अटी सैल झाल्या. इथे एक सांगते: डॉक्टरांकडून नुसतं ‘डायबेटिस आहे’ असं लिहून आणू नका. काय जमत नाही आणि किती दिवस जमणार नाही, ते लिहून घ्या. आजाराच्या नावाने इथे काही हलत नाही.

माझं निभावलं, सगळ्यांचं तसं होत नाही. पेमेंट रद्द करण्याआधी माणसाची परिस्थिती बघून निर्णय घ्यायची मुभा कायद्याने एप्रिल 2022 पासून दिली होती, पण यंत्रणा पूर्वीसारखीच आपोआप रद्द करत राहिली. 964 जणांचं पेमेंट असं गेलं. सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या कॉमनवेल्थ ऑम्बुड्समनच्या ऑगस्ट 2025 च्या अहवालात ते आलं. रोबोडेटवर (भत्ता घेणाऱ्यांवर कॉम्प्युटरने बेकायदा थकबाकी काढली होती, ते प्रकरण) शाही आयोगाचा अहवाल 2023 मध्ये येऊन गेल्यावरसुद्धा हे चालू होतं! वाचून माझं डोकं फिरलं.

माझ्या जॉब प्लॅनमध्ये, म्हणजे अटी लिहिलेल्या करारात, आता दोन ओळी जास्त आहेत. फोन दुपारी तीननंतर करावा, आणि शिफ्ट लागली असेल तर त्याच संध्याकाळी कळवलेलं चालेल. नंतर एकदा फोन चुकलाच. पैसे अडकल्याचा मेसेज आला. मी फोन करून त्या दोन ओळी वाचून दाखवल्या आणि शिफ्टचा मेसेज पाठवून दिला. डिमेरिट लागला नाही.