लय चढली, ती तशीच राहू दिली

बँडमधल्या चौघांकडे स्टुडिओचे पैसे एकाच दिवसाचे होते. आठ गाणी, पहिलावहिला अल्बम. सकाळी नऊला ड्रमकिट जिन्याने वर आलं. पुण्यातल्या माझ्या स्टुडिओत एरवी अभंग, भावगीतं आणि जाहिराती होतात. अख्खा हेवी मेटल बँड एका खोलीत एकदम वाजवणार, हे पहिल्यांदाच.

मी हो म्हटलं ते ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडमुळे. त्यांचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनला जवळपास एका दिवसातच ध्वनिमुद्रित झाला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीच्या फेंडर गिटारचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) ऐन वेळी बिघडला, म्हणून त्याने हाताशी असलेली दुसरी गिटार, गिब्सन एसजी, उचलली. पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली होती; त्यावर प्लास्टिक वितळवून स्वतः केलेल्या टोप्या घालून तो वाजवायचा. सुरुवातीचा पाऊस आणि घंटा मागाहून जोडली, पण बाकी जवळपास सगळं चौघांनी एकदमच वाजवलेलं. बिल वॉर्डचे ड्रम्स गिटारला पुढे ढकलतात, ते आजही ऐकू येतं.

आम्ही गिटारचे अँप पॅसेजमध्ये ठेवून दारं लावली. तरी झांजांचा आवाज गायकाच्या माइकात शिरतच होता. तो मी मान्य केला. घसा फाडायची दोन गाणी शेवटी ठेवली.

अडलं चौथ्या गाण्यात. कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी यंत्राची टिकटिक, आणि तीन टेक निर्जीव. ड्रमर मुलगा हेडफोन काढून म्हणाला, "दादा, क्लिक बंद करा ना." केली. पुढच्या टेकला मला खुर्चीत बसवेना. सुरुवातीला मिनिटाला १७२ मात्रा होत्या, शेवटी १८४.

ते गेल्यावर रात्री मी तो टेक 'दुरुस्त' करायला बसलो. ड्रमचा एकेक ठोका संगणकावर सम लयीच्या रेषेवर आणला. मग गिटार मागे पडल्यासारखी वाटू लागली, म्हणून तीही कापली. दीडला सगळं सरळ झालं आणि गाणं मेलं. कारण साधं होतं. कडव्यात किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) गिटारच्या किंचित आधी पडत होती, तळहाताने तारा दाबून वाजवणारा गिटारवाला तिच्या मागे धावत होता, आणि ती धाव मी पुसून टाकली होती.

वीस वर्षं मी भजनं ध्वनिमुद्रित करतोय. गजराला लय चढते, पखवाज आणि टाळ एकमेकांना ओढत नेतात. तिथे क्लिक लावायचं माझ्या मनातही आलेलं नाही. मग या पोरांच्या चढत्या लयीला मी चूक का समजलो?

मूळ फाइल शाबूत होती. संपादन सगळं काढून टाकलं, फक्त गायकाचा आवाज थोडा वर घेतला. सकाळी ड्रमरला फोन केला: "चौथं गाणं १८४ लाच संपतंय. मी हात लावणार नाही."