पडलेल्या बाईचा हात असा मोडत नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. तिथं रात्रपाळी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ती सांगेल. माणूस घसरून पडला की हात टेकतो, आणि मोडतं ते बहुधा मनगट. हाताच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं हाड मोडून बाई आली, तर पुष्कळदा तिनं तो हात डोक्यावरचा मार अडवायला वर धरलेला असतो.

१९९८च्या रमजानमध्ये अशी एक मुलगी आली. तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज संपून लोक घरी गेले असतील, एवढी रात्र झाली होती. वय बावीस. सोबत सासू, आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं सासूच देत होती. "मोरीत पाय घसरला सिस्टर." मी एक्स-रे उजेडावर धरला. मुलीनं माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि आपल्या घरच्या भाषेत हळूच म्हणाली, "आपा, गिर गई लिखो."

मी तसंच लिहिलं. घरात पडून दुखापत.

का लिहिलं, ते आज सांगायला हवं. पोलिसांना कळवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी वॉर्डात कुजबुज झाली असती, "ह्यांच्यात असंच असतंय." त्याच आठवड्यात कुंकू लावलेल्या बायकाही तसलेच हात घेऊन आल्या होत्या, त्यांच्या धर्माबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मला ते बोलणं ऐकायचं नव्हतं. मी समाजाची इज्जत राखली, असं मला वाटलं, आणि प्लास्टर घालून त्या पोरीला त्याच घरी पाठवलं. ती पुन्हा कधी दिसली नाही.

आपल्या घरांत मार खाणाऱ्या मुलीला पहिला शब्द ऐकवला जातो तो "सबर". सबर कर गे मा, मरद का हात है, उठताच है. हे आई सांगते, खाला सांगते, फुफू सांगते. मीही सांगितलंय, माझ्या सख्ख्या भाचीला, २०१५ साली. तिनं मला फोनवर एवढंच विचारलं होतं, "खाला, दोन दिवस येऊ का?" मी म्हटलं, ईद झाल्यावर ये.

ईदनंतर ती आली तेव्हा तिला नीट गिळता येत नव्हतं. नवऱ्यानं गळा दाबला होता. हे वाचणाऱ्या प्रत्येकीला नर्स म्हणून सांगते: गळा दाबला गेला असेल, तर बाहेर वळ नसला तरी लगेच दवाखान्यात जायचं. आतली सूज नंतर वाढू शकते. आणि जो एकदा गळ्याला हात घालतो, त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका फार मोठा असतो. थप्पड मारणारा आणि गळा दाबणारा, दोघांनाही "गुस्सेवाला" म्हणून एकाच मापानं मोजू नका.

घरच्यांनी प्रकरण जमातीपुढं, म्हणजे मशिदीच्या पंचांपुढं नेलं. मशिदीशेजारच्या खोलीत पाच बुजुर्ग बसले होते. भाची पडद्यामागं, सासूच्या मांडीला मांडी लावून. बाहेरून विचारलं, "बोल बेटी, क्या तकलीफ है?" सासू शेजारी असताना ती काय बोलणार? ती गप्प राहिली. तिचं गप्प राहणं म्हणजे कबुली, असं धरलं गेलं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर समझौता झाला, चहा झाला, दुआ झाली. दीड महिन्यात ती परत आली, ह्या वेळी कडेवर मूल आणि पायात चप्पल नाही.

त्या पाचांमध्ये वाईट माणूस एकही नव्हता. घर तुटू नये, एवढाच त्यांचा विचार. पण त्यांनी कुराणचंच ऐकलं नाही. बायकोवर हात उचलायची परवानगी म्हणून लोक सूरह निसाची ३४वी आयत पुढं करतात. त्यातल्या एका शब्दाच्या अर्थावरून आलिमांमध्ये, म्हणजे धर्माच्या जाणकारांमध्ये वाद आहेत, आणि मारायला मोकळीक नाही असं जुन्या आलिमांनीही बजावलंय. पण तिच्या लगेच पुढची आयत, पस्तिसावी, कुणी वाचत नाही. तिच्यात म्हटलंय, एक पंच त्याच्या घरचा घ्या आणि एक तिच्या घरचा. आमच्या खोलीत तिच्या घरचा कोण होता? आणि पैगंबरांच्या बीबी हजरत आयेशांची हदीस, म्हणजे पैगंबरांविषयी सांगितलेली गोष्ट, सहीह मुस्लिम ह्या हदीसच्या ग्रंथात आहे, की पैगंबरांनी आपल्या हातानं कधी कुठल्या बाईला मारलं नाही, कुठल्या नोकरालाही नाही. ज्यांची दाढी सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा रिवाज म्हणून ठेवता, त्यांचा हातही सुन्नत म्हणून धरा. हे मी आमच्या मौलानांना म्हटलं. ते तरुण आहेत, रागावले नाहीत. एका जुम्याच्या, शुक्रवारच्या बयानमध्ये त्यांनी ही हदीस सांगितली. चारशे पुरुषांनी ती मिंबरवरून, मशिदीतल्या प्रवचनाच्या जागेवरून ऐकली. मी घरोघरी शंभर वेळा सांगून जे झालं नसतं, ते त्या वीस मिनिटांत झालं.

भाचीला आम्ही सरकारनं मार खाणाऱ्या बायकांसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेलं. तोवर मलाही नीट माहीत नव्हतं, की २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखाच लागू आहे. आमच्याकडे दोन भीती असतात, तक्रार केली की नवरा तुरुंगात जाणार, आणि कोर्टात गेलं की तलाक होणार. ह्या कायद्यात दोन्ही जरुरीचं नाही. मारू नये असा आदेश मिळतो, सासरच्या घरातून हाकलू नये असा आदेश मिळतो, खर्च मिळतो. नवऱ्यानं तो आदेश मोडला, तर मग गुन्हा. संरक्षण अधिकाऱ्यांनी घटनेचा अहवाल लिहून घेतला तेव्हा भाची पहिल्यांदा सलग बोलली, कारण खोलीत सासू नव्हती.

तीन तलाकवर सुप्रीम कोर्टाचा निकाल ऑगस्ट २०१७चा, कायदा २०१९चा. चांगलं झालं. पण माझ्या ओळखीच्या दोन घरांत नवऱ्यांनी तलाक हा शब्दच उच्चारला नाही, बायकोला माहेरी सोडलं आणि नेलंच नाही. अशा बाईलाही पोटगी मागता येते. तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही बाकीच्या बायकांच्या कायद्याखाली ती मागता येते, हे सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. माझे अब्बा असल्या बातम्यांवर चिडायचे. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला, त्याचा राग त्यांना म्हातारपणापर्यंत होता. घरची गोष्ट रस्त्यावर आणली, म्हणायचे. अब्बांवर माझा फार जीव होता. पण घरची गोष्ट घरात ठेवून काय होतं, ते मी एक्स-रेवर पाहिलंय.

आता निवृत्त झाल्यावर मोहल्ल्यात निकाह ठरला की मी मुलीकडं जाते. मेहंदीच्या आधी, एकटीशी बोलायला दहा मिनिटं मागते. निकाहनाम्याची झेरॉक्स, आधार आणि शाळेचा दाखला अम्मीकडं ठेव. १८१ हा बायकांच्या मदतीचा नंबर पाठ कर, वहीत लिहू नकोस. निकाहनाम्यात अट लिहिता येते, मारहाण झाली तर तलाकचा हक्क मुलीकडं, त्याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. हे ऐकून बहुतेक घरं बिचकतात, "निकाह के दिन तलाक की बात?" दोन घरांनी मात्र लिहून घेतली, आणि दोन्ही नवरदेवांनी सही केली.

मुलीच्या अम्मीला वेगळं सांगते. लेकीची गादी माळ्यावर टाकू नका, तिला ती दिसू दे.

शेजारणींना सांगते, भिंतीपलीकडून आवाज आला तर साखर मागायला जा. दार वाजलं की हात थांबतो, निदान तेवढा वेळ. जीवावरचं वाटलं तर पोलिसांना ११२ वर फोन.

जमातीशी मात्र चार वर्षं भांडावं लागलं. बैठकीत दोन बायका हव्यात, आणि मुलीला आधी एकटीला विचारायचं, एवढंच मागणं. माझी भाची आता त्या दोघींपैकी एक आहे. गेल्या महिन्यात पहिलं प्रकरण आलं. सासूला मी बाहेर बसवलं, ती तणतणत बसली. भाचीनं दार लावून घेतलं आणि त्या मुलीला विचारलं, "खाना खाए क्या?"

ती मुलगी पाऊण तास बोलली. बाहेर पाचही बुजुर्ग गार झालेला चहा घेऊन थांबले होते.